पहिला नंबर कोणाचा?

गेल्या वर्षी पावसाळ्यातल्या एका रविवारी पहाटे साडेचार वाजता मी एका शाळेच्या फाटकाबाहेर रांगेत उभी होते. हातात छत्री, पिशवीत पोळीभाजीचा डबा आणि छातीवर सेफ्टी पिनेने अडकवलेला चार आकडी नंबर! दूरचित्रवाणीवरील एका गाण्याच्या स्पर्धेची ती निवडचाचणी होती. माझ्यापुढे किती माणसे आहेत हे मोजण्याचा उद्योग मी फाटक उघडेपर्यंत दोनदा केला आणि दोन्ही वेळा अर्ध्यात सोडून दिला.

दुपारी अडीचच्या सुमारास माझा नंबर पुकारला गेला. आत शिरले तर पडद्यावर दिसणारे नामवंत परीक्षक तेथे कोणी नव्हतेच. टेबलामागे दोन तरुण बसले होते. एकाच्या हातात चहाचा कप, दुसऱ्याच्या हातात कागद. मी डोळे मिटले, षड्ज धरला आणि सुरुवात केली. मुखडा संपवून अंतऱ्याला हात घालणार, एवढ्यात शब्द आले, "थँक यू. नेक्स्ट."

अर्धे मिनिट! दहा तासांच्या प्रतीक्षेचे आणि अकरा वर्षांच्या रियाजाचे ते अर्धे मिनिट.

घरी आल्यावर मी इलेक्ट्रॉनिक तानपुरा कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिला. तो पुढे आठ महिने खाली आला नाही. शाळेपासून ज्यांच्याकडे गाणे शिकते, त्या बाईंना "अभ्यास फार आहे" असे खोटेच कळवले. मला जे टोचत होते ते अपयश नव्हते. त्या 'नाही'चा अर्थच मला कळला नव्हता. मी बेसूर होते? माझा आवाज सामान्य आहे? की आणखी काही? हा लेख म्हणजे त्या 'नाही'चा अर्थ शोधण्याचा माझा प्रयत्न आहे. शोधता शोधता लक्षात आले की, या स्पर्धांच्या 'हो'चा अर्थही आपण नीट लावलेला नाही. जो जिंकतो तो नेमके काय जिंकतो? आणि अंतिम फेरीपर्यंत जाऊन जे हरतात ते नेमके काय हरतात?

प्रथम थोडा इतिहास पाहू. गाण्याची स्पर्धा ही दूरचित्रवाणीची निर्मिती नव्हे. १९५७ साली 'मेट्रो-मर्फी' नावाची अखिल भारतीय गायनस्पर्धा झाली आणि तीत महेंद्र कपूर पहिले आले. पुढे दादा कोंडके यांच्या चित्रपटांतून घरोघर पोचलेला आवाज तो हाच. त्या स्पर्धेचा निकाल देणारे होते त्या काळचे मातब्बर संगीतकार. म्हणजे ज्यांना गायक हवा होता, तेच गायक निवडत होते. १९९५ मध्ये झी वाहिनीवर 'सा रे ग म' सुरू झाले. सूत्रसंचालक होता सोनू निगम, तेव्हा अगदी तरुण. त्या कार्यक्रमातही जाणकार मंडळी समोर बसत आणि गुण देत. दूरदर्शनवरील 'मेरी आवाज सुनो' ही स्पर्धा १९९६ मध्ये सुनिधी चौहान या चिमुरडीने जिंकली. तिला मिळालेल्या करंडकाला लता मंगेशकरांचे नाव होते. 'सा रे ग म'च्या बालस्पर्धकांच्या भागात गायलेली श्रेया घोषाल पुढे संजय लीला भन्साळी यांच्या 'देवदास'मध्ये (२००२) पार्श्वगायिका म्हणून आली. या साऱ्या प्रकरणात प्रेक्षक होता तो केवळ ऐकणारा. त्याने घरी बसून वाद घालावा, चहा प्यावा आणि झोपी जावे. निकाल त्याच्या हाती नव्हता.

हे चित्र पालटले ते परदेशातून आलेल्या एका साच्यामुळे. २००१ साली ब्रिटनमध्ये 'पॉप आयडॉल' सुरू झाले, २००२ मध्ये अमेरिकेत त्याचे 'अमेरिकन आयडॉल' झाले आणि २००४ च्या उत्तरार्धात सोनी वाहिनीवर 'इंडियन आयडॉल' अवतरले. या साच्यात परीक्षक सुरुवातीला चाळणी लावतात. पुढे मात्र ते बोलतात, रागावतात, डोळे पुसतात, पण निकाल देतात तो प्रेक्षक. दूरध्वनीवरून आणि मोबाईलच्या लघुसंदेशावरून मते यायची आणि ज्याला कमी मते तो घरी जायचा. ५ मार्च २००५ रोजी मुंबईचा मराठी मुलगा अभिजीत सावंत पहिला 'इंडियन आयडॉल' झाला. दुसरा अमित साना, तिसरा राहुल वैद्य.

गुणांच्या जागी मते आली, एवढाच हा बदल, असे वरवर पाहता वाटते. पण माझ्या मते येथे स्पर्धेचा प्रश्नच बदलला. परीक्षकाला विचारलेला प्रश्न असा असतो : "चांगले कोण गायले?" मतदाराला विचारलेला प्रश्न असतो : "तुम्हांला कोण हवे?" हे दोन प्रश्न सख्खे नव्हेत, फार तर चुलत आहेत.

याचा पुरावा मला आमच्या घरातच सापडला. २००८-०९ मध्ये झी मराठीवर 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स' गाजत होते. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांचे. अंतिम फेरीत पाच मुले पोचली : आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन. साऱ्या महाराष्ट्राने त्यांना 'पंचरत्न' म्हटले. मी तेव्हा बालवाडीत होते. त्यामुळे पुढची हकिकत आईने सांगितलेली आहे. आमच्या आजीचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. ती दर आठवड्याला बाबांच्या मोबाईलवरून प्रथमेशला मत द्यायला लावी. एकदा बाबांनी सहज विचारले, "आई, तुला गाणं कोणाचं जास्त आवडतं?"

आजी म्हणाली, "आर्याचं. काय गोड गळा आहे पोरीचा!"

"मग मत तिला दे की."

"वा रे वा! मत आपल्या माणसाला द्यायचं. तिला द्यायला पुणं आहे ना!"

आजीचे हे दोन वाक्यांचे उत्तर मला पुष्कळ पुस्तकी विवेचनांपेक्षा अधिक नेमके वाटते. तिने गाणे ऐकले एका कानाने आणि मत दिले दुसऱ्या हृदयाने. आणि त्यात तिला काडीची विसंगती वाटली नाही. आपण सारे असेच करतो. आळंदीच्या मुलीच्या कंठातून अभंग ऐकताना वारकरी घराला जे वाटले असेल, लातूरच्या मुलाला मोठ्या मंचावर पाहताना मराठवाड्याला जे वाटले असेल, ते गाण्याच्या बाहेरचे होते असे मी म्हणणार नाही. पण ते केवळ गाण्यापुरतेही नव्हते. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजेती ठरली आणि निकाल योग्य की अयोग्य यावर कट्ट्याकट्ट्यावर वाद झाले. वाद घालणारे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या अंगावर फेकत होते, एवढेच.

आता मतमोजणीकडे येऊ. आमच्या राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी मतदानपद्धती शिकवल्या, तेव्हा मला निवडणुकीऐवजी सारखी ही स्पर्धाच दिसत होती. एक छोटे गणित मांडते. समजा, क, ख आणि ग असे तीन गायक उरले आहेत आणि शंभर श्रोते आहेत. ४० जणांना क सर्वांत आवडतो, त्याच्या खालोखाल ख. ३५ जणांना ग सर्वांत आवडतो, त्याच्या खालोखाल ख. उरलेल्या २५ जणांना ख सर्वांत आवडतो. मते पडली : क ४०, ग ३५, ख २५. नियमाप्रमाणे ख घरी गेला.

पण जरा थांबा. क आणि ख या दोघांतच सामना लावला असता तर ग चे ३५ जण ख कडे आले असते आणि ख ६० विरुद्ध ४० असा जिंकला असता. ग आणि ख यांच्यात लावला असता तर क चे ४० जण ख कडे येऊन तो ६५ विरुद्ध ३५ असा जिंकला असता. म्हणजे जो प्रत्येकाला हरवू शकत होता, तोच सर्वांत आधी बाहेर पडला! का? तर तो सर्वांना आवडत होता, पण बहुतेकांना दुसऱ्या क्रमांकाने. एकच नाव लिहायला सांगणाऱ्या मतपत्रिकेवर दुसऱ्या पसंतीला जागा नसते. दर वर्षी एखादा उत्तम गायक चौथ्या-पाचव्या आठवड्यात बाहेर पडतो आणि घरोघर आश्चर्य व्यक्त होते, "अरे, हा कसा गेला? हा तर सगळ्यांनाच आवडायचा!" त्या आश्चर्याचे एक कारण या गणितात आहे. शिवाय निवडणुकीत एका माणसाला एकच मत असते. या स्पर्धांत लघुसंदेशाच्या त्या काळात एका मोबाईलवरून पाहिजे तितकी मते देता येत आणि संदेशाचा दर नेहमीपेक्षा चढा असे. त्यामुळे मोजली जात होती ती माणसे नव्हेत. मोजला जात होता जिव्हाळा आणि खिसा. हजार जणांना थोडथोडा आवडणारा गायक शंभर जणांना वेड लावणाऱ्या गायकापुढे टिकणार कसा?

या जिव्हाळ्याचे बळ किती असते, याचे सर्वांत मोठे उदाहरण २००७ सालचे. त्या वर्षीच्या 'इंडियन आयडॉल'च्या अंतिम सामन्यात दोघे उरले : दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल. प्रशांत कोलकाता पोलिसांत शिपाई होता आणि पोलिसांच्या वाद्यवृंदात गात असे. अमितच्या गळ्याची तयारी अधिक आहे, असे म्हणणारे पुष्कळ होते. पण प्रश्न गळ्याचा राहिलाच नव्हता. दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात, सिक्कीममध्ये आणि जिथे जिथे नेपाळी बोलणारी माणसे आहेत तिथे तिथे वर्गण्या निघाल्या, समित्या झाल्या, रात्र रात्र जागून लोकांनी संदेश पाठवले. सुमारे सात कोटी मते आल्याचे तेव्हा सांगण्यात आले. २३ सप्टेंबर २००७ रोजी प्रशांत विजयी झाला.

ही माणसे एका गायकाला मत देत होती का? मला वाटते, ती देशाला सांगत होती, "आम्ही आहोत, आम्हांला मोजा." या समजुतीला पुढच्या घटनांनी दुजोरा दिला. निकालानंतर थोड्याच दिवसांत दिल्लीतल्या एका रेडिओ-निवेदकाने नेपाळी माणूस म्हणजे रखवालदार अशा अर्थाचा थट्टेखोर उद्गार काढला आणि सिलिगुडीत दंगल उसळली, संचारबंदी लागली. लगोलग ऑक्टोबर २००७ मध्ये बिमल गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली. प्रशांतसाठी मते गोळा करताना उभी राहिलेली माणसे आणि जमलेला उत्साह त्या चळवळीच्या कामी आला. गाण्याच्या स्पर्धेतून राजकीय पक्षाला पाठबळ मिळावे, ही घटना आमच्या अभ्यासक्रमात का नसावी, असा प्रश्न मी सरांना विचारला. ते हसले आणि म्हणाले, "लेख लिही."

हरलेल्या अमित पॉलची गोष्टही तितकीच बोलकी आहे. मेघालयात आदिवासी आणि बिगरआदिवासी यांच्यातला ताण जुना. अमित बंगाली घरातला. पण त्याच्यासाठी सारे शिलाँग एकत्र आले, खासी आणि बंगाली एका रांगेत उभे राहून मते देऊ लागले. राज्य सरकारने त्याला शांतता आणि सलोख्याचा दूत म्हणून घोषित केले. जे करंडकाने केले नसते, ते या उपविजेत्याने अंतिम फेरीपर्यंत जाऊन केले. तेव्हा मतदान म्हणजे निव्वळ भ्रष्टाचार, असला सोपा निष्कर्ष मला काढायचा नाही. मते खरीच असतात. फक्त ती गाण्याविषयीची नसतात.

आणि गाण्याचा निकाल? तो लागतो, पण अंतिम फेरीच्या रात्री नव्हे. त्याला वर्षे लागतात.

२००५ मध्ये सोनी वाहिनीवर 'फेम गुरुकुल' ही स्पर्धा झाली. काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी ही जोडी विजेती ठरली. मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जियागंजचा एक अबोल मुलगा त्या स्पर्धेत प्रेक्षकांच्या मतांअभावी अंतिम फेरीच्या आधीच बाहेर पडला. त्यानंतर तो काही वर्षे संगीतकारांच्या हाताखाली संगीत-संयोजनाचे काम करत राहिला. गाणे पडद्यामागे कसे बांधले जाते हे शिकला. २०१३ मध्ये 'आशिकी २' आला आणि अरिजीत सिंग हे नाव देशाला माहीत झाले. 'इंडियन आयडॉल'च्या दुसऱ्या पर्वातून मध्येच बाहेर पडलेली नेहा कक्कड २०१८ मध्ये त्याच स्पर्धेच्या परीक्षकाच्या खुर्चीवर बसली. अमेरिकेत २००४ साली जेनिफर हडसन सातव्या क्रमांकावर बाद झाली. २००७ मध्ये तिने 'ड्रीमगर्ल्स' चित्रपटातील भूमिकेसाठी ऑस्कर घेतले.

ही उदाहरणे ऐकून कोणी म्हणेल, हरणेच शुभ! तसेही नाही. हरलेल्यांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला आठवतही नाहीत, आणि जिंकलेल्यांपैकी सुनिधीसारख्या काहीजणी शिखरावर पोचल्या. जिंकणाऱ्याची अडचण वेगळीच असते. वाहिनीला दर हंगामात नवा विजेता हवा असतो. म्हणून जुन्या विजेत्याच्या कीर्तीला पुढच्या पर्वाची मुदत असते. अभिजीत सावंतचा पहिला गीतसंग्रह २००५ मध्येच आला आणि खूप खपला. पण पुढल्या पर्वात नवा चेहरा आला, मग आणखी एक. २०२४ मध्ये 'बिग बॉस मराठी'च्या घरात तो उपविजेता ठरला, तेव्हा आमच्या वर्गातल्या कित्येकांनी त्याला प्रथमच पाहिले! करंडक दार उघडतो हे खरे. पण दारातून आत गेल्यावर चालावे स्वतःच्याच पायांनी लागते, आणि दार फार वेळ उघडे राहत नाही.

आपली 'पंचरत्ने' पाहा. आर्या २०१७ मध्ये 'ती सध्या काय करते' या चित्रपटात नायिका म्हणून दिसली. रोहित २०२० मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात उपविजेता ठरला. मुग्धा आणि प्रथमेश यांचा विवाह २०२३ मध्ये झाला आणि घरातलेच कार्य असावे अशा आनंदाने महाराष्ट्राने ती बातमी वाचली. २०२१ मध्ये 'लिटल चॅम्प्स' नव्याने सुरू झाले, तेव्हा परीक्षक म्हणून ही पाचही जणे एकत्र बसली. त्या पाच खुर्च्यांत पहिल्या क्रमांकाची खुर्ची वेगळी नव्हती. मी वर्गात सहज विचारून पाहिले. 'कार्तिकी जिंकली' एवढे पुष्कळांना ठाऊक होते; दुसरे कोण आले, हे एकालाही सांगता आले नाही. ज्या क्रमांकांसाठी आमच्या आजीने बाबांचा मोबाईल झिजवला, ते बारा वर्षांत पुसले गेले. पाच गळे तेवढे राहिले.

आता माझ्या अर्ध्या मिनिटाकडे परत येते. ते दोन तरुण मला काय विचारत होते, हे मला आता कळते. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमाला गळा लागतो. तसा चेहरा लागतो आणि सांगण्याजोगी गोष्टही लागते. हजारोंतून मोजके निवडायचे, तेही एका दिवसात, म्हणजे "ही उत्तम गाते का?" हा प्रश्न विचारायला सवडच नसते. "ही कार्यक्रमात चालेल का?" एवढेच विचारता येते. त्याचे उत्तर 'नाही' आले. ते कदाचित बरोबरही असेल. माझी चूक एवढीच की, दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर मी माझ्या प्रश्नाखाली लिहून घेतले आणि आठ महिने त्याला लाल शाईतला शेरा समजत राहिले.

यावरून आपल्या महाविद्यालयापुरती एक सूचना करावीशी वाटते. स्नेहसंमेलनातील गायनस्पर्धेत गेली दोन वर्षे टाळ्यांच्या आवाजावरून पहिला क्रमांक ठरतो. ज्याचा वर्ग मोठा, त्याच्या टाळ्या मोठ्या. टाळ्या बंद करा असे मी म्हणत नाही. त्यांचा आनंद खरा आहे. पण 'रसिकांची पसंती' असे एक बक्षीस वेगळे ठेवावे आणि परीक्षकांचा क्रमांक वेगळा द्यावा. परीक्षकांनी प्रत्येक स्पर्धकाला सुराविषयी, तालाविषयी, उच्चारांविषयी दोन ओळी लिहून द्याव्यात. हरलेल्याच्या हातात निदान एक कागद राहील. "थँक यू, नेक्स्ट" या शब्दांनी काही शिकता येत नाही. "तुझा कोमल गंधार चढतो" या वाक्याने येते.

दिवाळीनंतर मी बाईंकडे गेले. खोटे बोलल्याची कबुली दिली, चाचणीची सगळी हकिकत सांगितली. मते, टक्केवारी, क-ख-ग यांचे गणित, सारे सांगून झाले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "झालं सांगून? आठ महिन्यांत आवाज बसला असेल. पेटी ओढ इकडे."

खरोखरच बसला होता. खालचा पंचम लागता लागेना. त्यांनी डोळे वटारले आणि पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा, आणि पुन्हा. त्या दिवशी अर्ध्या मिनिटात मला कोणीही घरी पाठवले नाही.